परक्या किटला आपलंसं करताना: पुण्यातून ड्रम टेक व्हायचं असेल तर

ढोल-ताशा पथकात एखादा सीझन काढला असेल, तर या कामाचा पहिला धडा तुमचा झालेला आहे. नदीपात्रात सरावाआधी ढोल ताणायला बसणाऱ्या पोरापोरींना माहीत असतं, की एका बाजूची दोरी जास्त ओढली गेली की पान तिरकं बसतं आणि ढोल भसाडा बोलतो. तबला शिकलेल्यांना तर सुरुवातीलाच सांगितलेलं असतं की सोळाही घरं एका सुरात मिळायला हवीत. रॉक बँडच्या ड्रम किटवर हेच काम ताणाचे स्क्रू फिरवायच्या चावीने होतं.

पथकातला ढोल मात्र आपला असतो. दौऱ्यावरच्या ड्रमरला प्रत्येक गावात वेगळं किट मिळतं. आपल्याकडे बहुतेक बँड विमानाने नाहीतर टेम्पो ट्रॅव्हलरने फिरतात आणि अख्खं किट सोबत नेणं परवडत नाही. ड्रमरबरोबर जातात ते ‘ब्रेकेबल्स’: स्नेअर (खाली तारा लावलेला छोटा ड्रम), सिम्बल्स (धातूच्या मोठ्या थाळ्या; हाय-हॅट, क्रॅश, राइड हे त्यांचेच प्रकार), किकचा पेडल आणि स्टिक्स. किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम), टॉम (बाकीचे ड्रम; जमिनीवर उभा असतो तो फ्लोअर टॉम), स्टँड, बसायचं स्टूल हे सगळं त्या गावातला बॅकलाइन व्हेंडर, म्हणजे वाद्यं भाड्याने देणारा, देतो. कधी ते चकाचक असतं, कधी आदल्या रात्रीच्या लग्नातून थेट आलेलं. ते परकं किट आपल्या ड्रमरला डोळे मिटून वाजवता येईल असं करून देणं, हे ड्रम टेकचं काम. मी अकरा वर्षं हेच करतेय, आणि नव्याने येणाऱ्याला जे सांगावंसं वाटतं ते इथे लिहितेय.

आधी ड्रमर मोजा

ट्यूनिंग शिकण्याच्याही आधी हे करा. ज्या ड्रमरबरोबर काम करायचंय त्याच्या जॅमरूममध्ये, म्हणजे सरावाच्या खोलीत, जा. तो मनासारखं वाजवून उठला की स्टूल हलवू न देता मोजमापं घ्या. शिंप्याची टेप सगळ्यात बरी, कारण ती वाकते. जमिनीपासून स्टूलची उंची, स्टूलच्या मध्यापासून किकच्या स्किनपर्यंतचं (ड्रमवरच्या पानापर्यंतचं) अंतर, स्नेअरच्या कडेची उंची, हाय-हॅटच्या (पायाने उघडझाप होणाऱ्या सिम्बलच्या जोडीच्या) खालच्या सिम्बलची उंची, दोन हॅटमधली फट. मग टॉमचा कल आणि प्रत्येक क्रॅश कुठे, किती उंच. सगळं एका वहीत लिहा आणि चार बाजूंनी फोटो काढा. एक फोटो ड्रमरच्या डोळ्यांच्या उंचीवरून काढा, तोच पुढे सगळ्यात जास्त कामाला येतो.

मोजमापांची सुरुवात नेहमी स्टूलपासून करायची. माणूस बसतो तिथून त्याचे हातपाय निघतात. स्टूल दोन सेंटिमीटर खाली गेलं तरी मांडीचा कोन बदलतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या गाण्यात पोटरी भरून येते. ड्रमर तेव्हा ‘आज पेडल जड वाटतोय’ म्हणतो. पेडल बिचारा ठीक असतो.

मग दोन बाय दोन मीटरची एक सतरंजी किंवा जाड कार्पेट घ्या, त्यावर किट मांडा आणि प्रत्येक पायाच्या जागी रंगीत टेपच्या खुणा करा. किकला एक रंग, हॅट स्टँडला दुसरा, फ्लोअर टॉमला तिसरा. ही सतरंजी बँडबरोबर फिरते. कोल्हापूर असो की गुवाहाटी, ती अंथरली की निम्मं घर मांडून झालेलं असतं. शिवाय रायझरच्या (ड्रमखालच्या उंच चौथऱ्याच्या) गुळगुळीत प्लायवर किक पुढे सरकायची थांबते. तरीही सरकलीच, तर स्टेजवरच्या सुतारदादांना सांगून किकच्या पुढे एक लाकडी पट्टी ठोकून घ्या. ते दोन मिनिटांत करून देतात. फक्त साउंडचेकच्या आधी सांगा, नंतर नाही.

पिशवी

दोन चाव्या, त्यातली एक कमरेला बांधलेली. गॅफर टेप. अ‍ॅलन की सेट. हाय-हॅटचा एक जास्तीचा क्लच (वरचा सिम्बल दांड्याला धरणारी पकड); भाड्याच्या किटमध्ये सगळ्यात आधी हरवते ती हीच वस्तू. स्नेअरच्या तारांना बांधायची दोरी किंवा पट्टी. चारपाच टेन्शन रॉड (स्किन ताणणारे लांब स्क्रू) वायसरसकट. बहुतेक कंपन्यांचे रॉड एकमेकांच्या ड्रमना चालतात, जुन्या सोनोरचे चालत नाहीत. पेडलची स्प्रिंग, जास्तीचा बीटर, किकच्या स्किनवर चिकटवायचा पॅच. मूनजेलची (घुमारा कमी करायला स्किनवर लावायच्या चिकट तुकड्यांची) डबी. डोक्याला लावायची बॅटरी. विंगनट ६ आणि ८ मिलिमीटर, दोन्ही मापांचे, कारण सिम्बल स्टँडचे आटे दोन्ही प्रकारचे येतात.

फेल्ट (सिम्बलच्या वरखाली बसणारी मऊ चकती) आणि स्लीव्ह याबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण माझा पहिला मोठा धडा तिथला आहे. स्टँडच्या लोखंडी दांड्यावर प्लास्टिकची एक छोटी नळी असते, ती स्लीव्ह. ती नसली की सिम्बलचं भोक थेट आट्यांवर घासतं. माझ्या दुसऱ्याच वर्षी एका कॉलेजच्या फेस्टिव्हलला व्हेंडरच्या एकाही स्टँडला स्लीव्ह नव्हती. मी अंधारात ते पाहिलं नाही आणि सिम्बल चढवले. तासाभराचा शो. संपल्यावर १८ इंची क्रॅश उतरवला, तेव्हा गोल भोकाची एक कड कुरतडून लांबोळी झालेली. तिथून पुढे तडा जायला वेळ लागत नाही. तो सिम्बल ड्रमरने पहिल्या पगारातून घेतला होता. तो काहीच बोलला नाही, आणि मला रात्रभर झोप लागली नाही. आता स्टँडवर सिम्बल चढवण्याआधी दांड्यावरून बोट फिरवते. बोटाला आटे लागले तर सिम्बल पिशवीतच राहतो.

स्लीव्ह महाग नसतात, पण ऐन वेळी मिळत नाहीत. नाना पेठेत गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात पेट्रोलची रबरी नळी फुटावर मिळते. ८ मिलिमीटर आतल्या मापाची घ्या आणि दीड-दोन इंचाचे तुकडे कापा. विंगनट आणि वायसर बोहरी आळीत मिळतात. केस बनवायची असेल तर भवानी पेठेत टिंबर मार्केटकडे प्लाय बघा.

शोच्या आठवडाभर आधी

व्हेंडरला फोन करा. ईमेलवरचा टेक रायडर (बँडला काय काय लागेल त्याची यादी) ऑफिसमधला माणूस वाचतो, किट टेम्पोत भरणारा वाचत नाही. भरणाऱ्याशी बोला. ‘दादा, किकचे पुढचे दोन्ही पाय आहेत का? समोरच्या स्किनला भोक आहे का? स्नेअर स्टँड कोणता? स्टूल फिरून खाली तर बसत नाही ना?’ आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो मागा, कंपनीच्या साइटवरचा नको, गोडाऊनमधला. फोटोत स्किनवर खड्डे दिसले तर नव्या स्किनचे पैसे कोण देणार हे त्याच दिवशी मॅनेजरशी ठरवा.

विमानाने जाणार असाल तर वजनाचा हिशेब घरी करा. देशांतर्गत विमानात साध्या तिकिटावर साधारण १५ किलो सामान जातं. हॅटची जोडी, दोन क्रॅश, राइड आणि कडक केस एवढ्यातच १० किलोच्या आसपास होतात. स्टिक आणि हत्यारं चेक-इनला टाका, सुरक्षा तपासणीत अडतात. पॉवर बँक आणि लिथियम बॅटऱ्या उलट, केबिनमध्येच न्याव्या लागतात. परदेश दौरा असेल तर वाद्यांसाठी एटीए कार्ने, म्हणजे सामान तात्पुरतं बाहेर नेऊन परत आणायचा कस्टमचा कागद, काढावा लागतो. आपल्याकडे तो फिक्की देते. त्यातल्या यादीतली प्रत्येक वस्तू परत आलीच पाहिजे, म्हणून ती यादी टेकने स्वतः करावी.

चावी हातात घेतल्यावर

आता मुख्य काम. स्नेअरवर शिका, कारण त्याला साधारण दहा रॉड असतात आणि चूक लगेच ऐकू येते.

जुनी स्किन काढली की आधी शेलची (ड्रमच्या पोकळ खोडाची) कड बघा. बोट फिरवा, खाच लागते का, धूळ आहे का. कोरड्या फडक्याने पुसा. नवी स्किन ठेवा, वर रिम (स्किन दाबून धरणारं कडं), रॉड घाला आणि सगळे रॉड फक्त बोटांनी फिरतील तेवढे फिरवा. चावी अजून नको. मग एका रॉडला अर्धा फेरा द्या आणि शेजारी न जाता थेट समोरच्या रॉडवर जा. पुन्हा बाजूचा, त्याच्या समोरचा. शेजारीशेजारी गेलात तर रिम एकीकडे झुकते आणि स्किन कायमची वाकडी बसते. सुरकुत्या गेल्या की तळहाताने मध्यावर हलका दाब द्या, चर्र असा आवाज येईल, घाबरू नका, स्किन कडेवर बसतेय. मग पुन्हा समोरासमोर, आता पाव-पाव फेरा.

यानंतरचा भाग कानाचा. स्नेअर सतरंजीवर ठेवा म्हणजे खालची स्किन गप्प राहील. एक बोट मध्यावर टेकवा आणि स्टिकने प्रत्येक रॉडपासून इंचभर आत हलकेच टक करा. दहा ठिकाणी दहा टक. वेगळे बोलतील. जो खाली आहे त्याला वर घ्या. जो फार वर गेलाय त्याला आधी हव्या त्या सुराच्याही खाली सोडा आणि मग वर आणा, नेहमी खालून वर, कारण वरून खाली आणलेला सूर वाजवताना आणखी उतरतो. तंबोऱ्याची तार लावणाऱ्यांना हे सांगावं लागत नाही. पहिल्यांदा करताना तास लागेल. शंभर वेळा केलंत की दहा मिनिटं.

खालच्या स्किनशी जपून वागा. वरची साधी कोटेड स्किन १० मिल जाडीची असते, म्हणजे इंचाचा शंभरावा भाग. खालची जेमतेम ३ मिल. तिच्यावर स्टिकचं टोक आपटलं की संपली. ती वरच्यापेक्षा घट्ट ठेवा म्हणजे तारा चटकन बोलतात.

टॉमला वरखाली दोन्ही स्किन जवळपास एका सुरात ठेवल्या की घुमारा लांबतो. खालची थोडी वर नेली की आवाज आटोपशीर होतो. स्टेजवर मला दुसरं आवडतं, कारण आठ माइकमधून घुमारा एकमेकांत मिसळला की साउंड इंजिनिअर गेट (हलका आवाज कापणारी सोय) लावत बसतो आणि ड्रमरचा हलका हात कुणालाच ऐकू जात नाही. किकच्या मारायच्या स्किनला सुरकुती जेमतेम जाईल इतकाच ताण द्या आणि आत एक छोटी उशी दोन्ही स्किनना टेकवून ठेवा. मूनजेल कमी वापरा. स्किन नीट मिळवली असेल तर अर्धा तुकडा पुरतो, आणि तीन तुकडे लावायची वेळ आली तर पुन्हा चावी घ्या.

टॉम मारला की स्नेअर आपोआप सरसरतो, ही तक्रार प्रत्येक साउंडचेकला येते. दोघांचे सूर फार जवळ आलेत. टॉम थोडा वरखाली करा. तेवढ्याने भागलं नाही तर स्नेअरच्या खालच्या बाजूला, तारांच्या दोन्ही टोकांशेजारचे रॉड किंचित सैल करा.

पूर्वी ड्रमवर वासराचं कातडं असायचं आणि पावसाळी हवेत ते सूर सोडायचं. १९५०च्या दशकात मायलर (प्लास्टिकची स्किन) आलं आणि दमटपणाचा त्रास बराच कमी झाला. तापमानाचा मात्र आहे. पुण्यात डिसेंबरात दुपारी चारला ऊन तापलेलं असतं आणि साडेसातला स्वेटर लागतो. चारला लावलेला स्नेअर साडेसातला तोच नसतो. म्हणून मैदानावरच्या शोमध्ये बँड चढायच्या आधी दहा रॉडवर पुन्हा एकदा टकटक. शोमध्ये सगळ्यात आधी सैल होतात ते ड्रमरच्या पुढ्यातले दोन रॉड, रिमशॉट (स्किन आणि रिमवर एकदम मारलेला फटका) तिथेच बसतो. त्यांना लग लॉक (रॉड सैल होऊ न देणारी पकड) लावा.

स्टेजवर

२०१० साली पुण्यात एनएच७ वीकेंडर हा संगीत महोत्सव सुरू झाला, आणि अनेक स्टेजच्या फेस्टिव्हलमध्ये किट कसं बदलतात हे आमच्यातल्या कित्येकांनी तिथे प्रेक्षकांतून मान उंच करून पाहिलं. आधीचा बँड वाजत असतानाच मागे चाकांच्या रायझरवर दुसरं किट उभं राहतं. तुम्हाला मिळतात वीस-तीस मिनिटं, त्यातली निम्मी साउंडवाल्यांची. त्यामुळे जे मागे होऊ शकतं ते मागेच करा: सतरंजी, किक, टॉम, ट्यूनिंग. सिम्बल शेवटी.

माइक लागले की लाइनचेक (एकेका माइकची तपासणी) टेकने वाजवायचा असतो. थोडं ड्रम वाजवता यायलाच हवं. किक, किक, किक, एका ताकदीने, एका अंतराने, इंजिनिअर ‘थँक्यू’ म्हणेपर्यंत. मग स्नेअर, हॅट, टॉम. मधे फिल वाजवून कौशल्य दाखवू नका, समोरच्या माणसाला प्रत्येक माइक वेगळा ऐकायचाय. ड्रमर जितक्या जोरात मारतो तितक्याच जोरात मारा, नाहीतर इंजिनिअरने सेट केलेलं सगळं पहिल्या गाण्यात फाटतं.

लॅपटॉपवर क्लिक (ड्रमरच्या कानातली लयीची टकटक) आणि ट्रॅक असतील, सॅम्पलिंग पॅड (साठवलेले आवाज वाजवणारं पॅड) असेल, तर स्वतःचा छोटा यूपीएस लावा. मैदानावर जनरेटर बदलताना दोन सेकंद वीज गेली तरी लॅपटॉप नव्याने सुरू व्हायला दोन मिनिटं लागतात आणि बँड हजार लोकांसमोर उभा राहतो. पॅडची सेटिंग पेन ड्राइव्हवर, आणि तो पेन ड्राइव्ह तुमच्या खिशात, पॅडच्या केसमध्ये नाही.

शो सुरू झाला की हॅटच्या बाजूला, थोडं मागे, अंधारात उभं राहा. ड्रमरने मान न वळवता तुम्ही त्याला दिसला पाहिजे. हातात चावी. बाजूला दुसरा स्नेअर, लावून तयार, तारा ताणलेल्या. दोघांनी आधीच खुणा ठरवाव्यात: आमच्यात स्नेअरकडे हनुवटी म्हणजे स्किन गेली, पायाकडे नजर म्हणजे पेडल. स्किन फाटली की ड्रमर कडवं संपेपर्यंत फ्लोअर टॉमवर बॅकबीट (एरवी स्नेअरवर पडणारा ठोका) घेतो, मी खालून येते, एका हाताने माइक बाजूला, दुसऱ्याने स्टँडचा स्क्रू सैल, जुना उचलायचा, नवा ठेवायचा, स्क्रू, माइक परत. कोरसला तो नव्या स्नेअरवर येतो. हे घरी पंचवीस वेळा करून बघा, दिवे बंद करून.

पेडलचं असं होत नाही. तो किकच्या रिमला पकडलेला असतो आणि ड्रमरचा पाय त्यावर असतो. म्हणून स्प्रिंग, साखळी, बीटरचा स्क्रू रोज तपासायचे, आणि दुसरा पेडल दोन गाण्यांच्या मधे बदलायचा.

कानांत प्लग घाला. ८५ डेसिबलला आठ तास चालतात, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला पंधरा मिनिटं उरतात. क्रॅशपासून चार फुटांवर उभं राहणाऱ्याने हा हिशेब रोज करावा. संगीतकारांचे फिल्टरवाले प्लग घ्या, कापसाच्या बोळ्याने सूर कळत नाही आणि संरक्षणही होत नाही. कान गेला तर आपलं हत्यारच गेलं.

काम मिळणं आणि पैसे

जॅमरूममध्ये जा. कोथरूड, कर्वेनगर, बाणेर, जवळ असेल तिथे. तिथलं किट दिवसात पाच बँड वाजवतात आणि ते कायम खंगलेलं असतं. मालकाला सांगा, ‘दादा, रविवारी सकाळी मी किट लावून देते, स्किन तुम्ही आणा.’ दोन महिन्यांत तुमचा हात बसेल आणि तिथे येणारे ड्रमर विचारतील, आज किट कुणी लावलंय. माझं पहिलं काम असंच आलं. फिरोदिया करंडकाला (पुण्यातल्या कॉलेजांच्या रंगमंचीय स्पर्धेला) बॅकस्टेज केलं असेल तर अंधारात न बोलता ठरलेल्या क्रमाने वस्तू हलवायची सवय तुम्हाला आहेच, ते आवर्जून सांगा.

पहिले दोन-तीन शो कमी पैशात करा, फुकट करू नका. फुकट आलेल्याला कुणी व्हेंडरचा नंबर देत नाही आणि साउंडचेकची वेळही सांगत नाही. बोलताना शोचा दिवस, प्रवासाचा दिवस, रिहर्सल, जेवणाचा भत्ता, राहायची सोय, सगळं आधीच ठरवा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना, लिहून घ्या. पॅन द्या, टीडीएस कापून पैसे आले तर तो रिटर्न भरताना हिशेबात धरता येतो. एका आयोजकाने माझे पैसे आठ महिने थांबवले होते. तेव्हापासून अर्धे पैसे निघण्याआधी घेते, ओळखीच्यांकडूनही.

शो संपल्यावर

उघड्यावर लाउडस्पीकर रात्री दहाला बंद होतो, आणि त्यानंतर मैदानातले दिवेही पटकन जायला लागतात. क्रम ठरलेला ठेवा: आधी सिम्बल, मग स्नेअर, मग पेडल, मग स्टिक आणि पॅड. आपल्या वस्तू आपल्या केसमध्ये बंद झाल्याशिवाय व्हेंडरच्या मुलांना किटला हात लावू देऊ नका. त्यांचीही घाई असते, आणि आपला क्लच त्यांच्या स्टँडवर राहून जातो. आपण लावलेल्या स्लीव्ह काढून मोजा. सिम्बल ओल्या हातांचे असतात, पुसून ठेवा. टेम्पोत किक असेल तर ती शेलवर आडवी झोपवा, स्किनवर कधीच नाही, आणि घाटात सरकू नये म्हणून टेम्पोवाल्या काकांकडून दोरी मागून घ्या.

सतरंजी शेवटी गुंडाळा. गुंडाळण्याआधी बॅटरीच्या उजेडात एकदा तिच्यावरून हात फिरवा, चाव्या आणि विंगनट तिच्या लोकरीतच सापडतात. मग वहीत त्या गावाच्या नावाखाली लिहा: किकचा डावा पाय घसरतो, स्टूल चांगलं, वीज दोनदा गेली, स्टेजवरच्या दादांचा नंबर. पुढच्या वर्षी त्याच गावाला जाल, तेव्हा व्हेंडरला फोन करण्याआधी ते पान उघडायचं.